गोळी बंद करण्याआधी

नाशिक,
रविवार

प्रिय स्वाती,

"डायनोजेस्ट बंद करून नुसता काढाच सुरू करू का?" असं तू एंडोमेट्रिओसिसवरच्या तुझ्या गोळीबद्दल विचारलंस. माझं उत्तर आधी देऊन टाकते: आत्ता बंद करू नकोस. फोनवर बोलायला बसलो असतो तर आपण दोघी रडलो असतो आणि मुद्दा बाजूला राहिला असता, म्हणून हे पत्र.

तू कंटाळली आहेस हे मला कळतं, मलाही हाच आजार आहे. पाळीत ओटीपोट पिळवटून निघतं आणि वर "सगळ्यांचंच दुखतं" हे ऐकून घ्यावं लागतं. या आजाराचं निदान व्हायलाच अनेकींची ४ ते १२ वर्षं जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतकी वर्षं कुणी विश्वासच ठेवला नाही, तर जो कोणी "मुळापासून बरं करतो" म्हणेल त्याच्याकडे बाई जाणारच. राग त्या तुझ्या काढेवाल्याचा येतो मला, तुझा नाही.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या आवरणावर वाढतं. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर ते पोसतं, तिथे सूज येते आणि अवयव एकमेकांना चिकटतात. तुझी रोजची २ मिलिग्रॅमची गोळी त्या ऊतकाची वाढ दाबून धरते. चॉकलेट सिस्ट (बीजकोशातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ) किंवा हे चिकटलेपण एखाद्या वनस्पतीने विरघळतं, असं माणसांवरच्या कुठल्याही भक्कम अभ्यासात सिद्ध झालेलं नाही.

म्हणून काकूंनी पाठवलेल्या शतावरी कल्पाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. काकूंची माया मला माहीत आहे, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून शतावरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात. पण तिच्यात इस्ट्रोजेनसारखा परिणाम करू शकणारी द्रव्यं असतात. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या आजारात ती आपल्या मनाने, रोज दुधातून घ्यायची नाही. डबा तूर्त बाजूला ठेव आणि डॉक्टरांना दाखव.

अशोकाचं वेगळंच. अंगावरून जास्त जात असेल तर अशोकाची साल हे आपलं जुनं औषध. पण रविवार कारंज्याकडच्या काष्टौषधींच्या दुकानात सुट्टी साल मागितली तर हाती येते ती खऱ्या अशोकाचीच, याची खात्री कोण देणार? गंगापूर रोडवरच्या बंगल्यांसमोर जे उंच सरळसोट 'अशोक' उभे आहेत ते औषधी अशोक नव्हेतच. खऱ्या सीता-अशोकाला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. बाजारात सालीत भेसळ होते, हे जाणकार वैद्य स्वतःच सांगतात. शिवाय अशोकारिष्ट आंबवलेलं असतं, त्यात मुळातच थोडं अल्कोहोल असतं. इतर औषधं चालू असताना हे सांगायलाच हवं.

हळद? भाजीत, दुधात खुशाल घे. पण कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) आणि मिरीच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूल नकोत. प्रयोगशाळेत हळदीचे गुण छान दिसतात. हा आजार असलेल्या बायकांना कर्क्युमिन देऊन पाहिलेल्या एका चाचणीत मात्र दुखण्यात विशेष फरक पडला नाही. शिवाय अशा कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंच, तर हळद-आल्याच्या कॅप्सूलबद्दल आधी सर्जनला सांग, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

सुंठ मला आवडते, आणि तिच्या बाजूने थोडा पुरावाही आहे. पाळीच्या साध्या दुखण्यात सुंठीने आराम पडल्याचं चाचण्यांत दिसलंय. एंडोमेट्रिओसिसचं दुखणं त्याहून खोल असतं, तरी पाळीच्या दिवसांत सुंठीचं गरम पाणी आणि पोटावर शेक मी सोडत नाही.

जेवणाचं तर मी मनापासून सांगेन. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत, दिवसाला दोनपेक्षा जास्त वेळा लाल मांस खाणाऱ्यांमध्ये हा आजार, ते अगदी कमी खाणाऱ्यांपेक्षा ५६ टक्के जास्त आढळला. ट्रान्स फॅट जास्त खाणाऱ्यांतही तो जास्त दिसला. त्यावरून आजार बरा होतो असं म्हणता येत नाही, पण मटण कमी केल्याने, वनस्पती तुपातली बेकरीची बिस्किटं सोडल्याने नुकसान तर काहीच नाही. मी बाजरी, पालेभाज्या, उसळी आणि चिमूटभर लसूण घातलेली जवसाची चटणी यांवर आले. बद्धकोष्ठ कमी झालं आणि त्याबरोबर शौचाच्या वेळची ती कळही. माझी गाठ मात्र तेवढीच आहे, हे सोनोग्राफीत दिसलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आयुर्वेद घ्यायचाच असेल तर जरूर घे, पण पदवी असलेल्या वैद्यांकडून, आणि लेबल नसलेली पुडी घेऊ नकोस. मी इथे पंचवटीतल्या वैद्यांकडे जाते, त्यांना माझी गोळी माहीत आहे आणि माझ्या डॉक्टरांना त्यांचं औषध. गोळीने मन उदास होत असेल, अंगावरून थोडं थोडं जात राहत असेल, तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांग. गोळी बदलता येते. आणि मुलाचा विचार चालू असेल तर हे आधी सांग, कारण मग उपचारांची दिशाच बदलते.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा एमआरआयची सीडी आणि त्या काढ्याची चिठ्ठी घेऊन ये, माझ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवते. शतावरीचं काकूंशी मी बोलते, तू काही बोलू नकोस. माझ्यावर त्या रागावत नाहीत.

तुझी,
मेधा