मैथिली, उत्तर लिहूनच पाठव

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज ऐकला आणि पुढचं सगळं बोलणं भांडणात गेलं. "शकिराशी तेराव्या वर्षी करार झाला होता, मी सव्वीसची झाले," असं म्हणून तू फोन ठेवलास. आज तुझ्या घशाबद्दल अवाक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. तू बँडमध्ये जिची गाणी गातेस त्या शकिराबद्दलच लिहिते.

तेराव्या वर्षी रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, हे खरं. पण त्यापुढचं तू नेहमी गाळतेस. १९९१ मध्ये 'माहिया' हा पहिला अल्बम आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्यातली काही गाणी तर आठव्या वर्षापासून लिहिलेली. खप किती, तर हजार-बाराशे प्रती. १९९३ चा 'पेलिग्रो' तिचा तिलाच पटला नाही आणि तोही पडला. त्याच वर्षी चिलीतल्या विन्या देल मारच्या महोत्सवात तिचा तिसरा नंबर आला. मग शाळा पुरी केली, टीव्ही मालिकेत काम केलं. 'पिएस देस्काल्सोस' आला १९९५ मध्ये, तेव्हा ती अठराची होती. त्यातल्या गाण्यांनी लॅटिन अमेरिकाभर नाव झालं. पुढे १९९८ चा 'दोन्दे एस्तान लोस लाद्रोनेस', आणि 'लॉन्ड्री सर्व्हिस' २००१ मध्ये. त्यासाठी तिने इंग्रजी शिकून इंग्रजीत गाणी लिहिली. पाठीशी ग्लोरिया एस्तेफान ही आधीच गाजलेली गायिका होती. करारापासून तिथपर्यंत दहाहून जास्त वर्षं झाली होती. तू बँडमध्ये जाऊन चौदा महिने झालेत.

कोलंबियात, बारान्किया गावातल्या तिच्या शाळेत तिला गानवृंदात घेतलं नव्हतं, आवाज बकरीसारखा म्हणून. ती बकरी म्हणजे काय, ते तुला कळायला हवं. सुरातला कंप साधारण सेकंदाला पाच ते सात वेळा होतो. त्याहून भरभर झाला की कानाला बें-बें लागतं. लहान मुलीचा श्वास आखूड, त्यात जोर फार, मग असं होतं. शकिराने कंप काढून टाकला नाही, त्यालाच ओळख केलं. तो मध्येच तुटणारा सूरही तिचाच: छातीच्या भरदार आवाजातून डोक्याच्या हलक्या, वरच्या आवाजात एकदम उडी. तू ती उडी घशात झटका देऊन घेतेस. स्वरतंतू आधी घट्ट मिटतात आणि मग हवेने उघडतात, दर वेळी एकमेकांवर आपटतात. उडीच्या आधी किंचित 'ह' सोड. आवाज तसाच तुटेल, तंतू आपटणार नाहीत. आणि तिचा आवाज खर्जाकडचा आहे, तुझा नाही. मूळ पट्टीत खालचे सूर ऐकू यावेत म्हणून तू रेटतेस. पट्टी दोन-तीन सूर वर घ्या, कीबोर्डवर एका बटणाचं काम आहे.

बघ, घशावर आलेच. आता आलेच आहे तर पुरतं लिहिते.

२०१७ च्या शेवटी तिच्या स्वरतंतूत रक्तस्राव झाला. तंतूच्या पातळ आवरणाखालची बारीक रक्तवाहिनी ताणाने फुटते, रक्त साचतं, तंतू जड होतो आणि नीट थरथरत नाही. युरोपचा दौरा नोव्हेंबरमध्ये कोलोनला सुरू व्हायचा होता, तो पुढे गेला. २०१८ च्या जूनमध्ये हॅम्बुर्गला ती पुन्हा उभी राहिली. सात महिने. जिचे अल्बम कोट्यवधींनी खपले तिला थांबावं लागलं, आणि तू ओळीने तीन रात्री गाऊन चौथ्या दिवशी मला "काही नाही गं" म्हणतेस!

आवाज एकाएकी बसला असेल, गाताना मध्येच गेला असेल, तर आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. दुर्बिणीने तंतू बघायला सांग, नुसतं तोंड उघडून बघणं पुरेसं नाही. तोपर्यंत बोलू नकोस. कुजबुजही नको, जोराने कुजबुजताना घशावर ताण येतोच. खाकरू नकोस, पाणी पी. अंगदुखीला ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नकोस, त्याने रक्त वाहायला मदत होते. पाळीच्या आधीच्या दिवसांत तंतूंच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्या आठवड्यात ओळीने कार्यक्रम घेऊ नकोस. डॉक्टर गा म्हणाले की मगच पाण्याच्या पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवलेल्या स्ट्रॉमधून बुडबुडे काढत 'ऊ', दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, तुझ्या तोंडाकडे वळवून माग. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो.

माफ कर. लिहिता लिहिता पुन्हा वर्ग घ्यायला लागले. बाबा म्हणाले होते, पत्रात शिकवू नकोस.

तुला 'ओहोस आसी' आठवतं? त्यातले अरबी शब्द तू आठ वर्षांची असताना गॅलरीत पाठ करायचीस, घागरीवर ठेका धरून. शेजारच्या काकू विचारायच्या, कोणतं स्तोत्र म्हणते? शकिराचे वडील लेबनीज वंशाचे, त्यांच्याकडून ती चाल तिच्या कानात आली. तुझ्या कानात कुठून आली, कोण जाणे. मागच्या महिन्याचं तुझं रेकॉर्डिंग मी सगळ्यांना ऐकवलं, अण्णांनासुद्धा. 'ला तोर्तुरा'तला तुझा र इतका स्वच्छ आहे की मी चार वेळा मागे नेऊन ऐकला. शेवटच्या कडव्यात मात्र आवाजाला वारा लागतोय, तंतू पूर्ण मिटत नाहीत. तेही चार वेळा ऐकलं.

शुक्रवारचा कार्यक्रम रद्द करायचा की नाही ते तूच ठरव. मी त्यावर पुन्हा बोलणार नाही. डॉक्टरांनी रक्त साचलंय म्हटलं तर मात्र ठरवण्यासारखं काही उरत नाही, एवढं कळतं ना?

सुप्रियाच्या साखरपुड्याला गाणार म्हणालीस, ते सोडून दे. ती समजून घेईल, मी बोलले आहे तिच्याशी. डिंकाचे लाडू सदाबरोबर पाठवलेत, मोठा डबा तुझा. दुर्बिणीच्या तपासणीचा कागद मिळाला की त्याचा फोटो पाठव. बाकी जे काही असेल ते लिहून कळव. रागाचं असेल तर तेही लिहूनच.

तुझी,
आई