एक्स-रेत काही नाही, तरी दाढ दुखते

संपादक महोदय,

घास दाबताना फारसे काही होत नाही, पण दाब सोडला की सणकन कळ येते. थंड पाण्यानेही झणका बसतो. दाढ कोणती, ते मात्र नीट सांगता येत नाही. ही लक्षणे बऱ्याचदा दाढेला भेग गेल्याची असतात. अशा पेशंटचा एक्स-रे काढून ‘काही दिसत नाही’ म्हणत नुसती टूथपेस्ट लिहून देणे पुण्यातल्या दवाखान्यांतही घडते, म्हणून हे पत्र.

एक्स-रेत भेग दिसत नाही याचे कारण साधे आहे. दाढेची भेग बहुधा पुढून मागे जाते आणि किरण गालाकडून जिभेकडे जातात. भेग फिल्मला समांतर राहते, त्यामुळे तिची सावली उमटत नाही. महागड्या सीबीसीटी स्कॅनमध्येही (दातांचा त्रिमितीय एक्स-रे) केसासारखी भेग निसटते. शेजारी दातात भरलेली चांदी किंवा धातूची कॅप असेल तर जास्तच.

तपासणी हातानेच करावी लागते. दाढेच्या एकेका उंचवट्यावर खळगा असलेला छोटा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून पेशंटला दाबायला आणि मग झटकन सोडायला सांगायचे. ज्या उंचवट्यावर सोडताना कळ येते, भेग तिथे शोधायची. मग दिवा मंद करून दातावर बाजूने बारीक प्रकाशझोत टाकायचा. भेगेपाशी प्रकाश अडतो आणि पलीकडचा भाग काळवंडलेला दिसतो. जुनी चांदी असेल तर ती काढून, मिथिलीन ब्लू हा भेग दाखवणारा निळा रंग लावून, भिंगाखाली तळ पाहावा. शेवटी दात आणि हिरडी यांमधल्या फटीत बारीक मोजपट्टी फिरवून खोली मोजावी. सगळीकडे २-३ मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी ७-८ भरले, तर भेग मुळापर्यंत उतरल्याचा संशय घ्यावा. तो दात वाचणे कठीण.

खालच्या मागच्या दाढा याला जास्त बळी पडतात, कारण वरच्या दाढेचा आतला उंचवटा त्यांच्या खळग्यात पाचरीसारखा बसतो. त्यात दोन्ही बाजू कापून मोठी चांदी भरलेली असली की उरलेल्या भिंती कमकुवत. मग अख्खी सुपारी फोडणे, पाक चढलेली चिक्की, उसाच्या रसातला बर्फ कडाकडा चावणे किंवा भातातला एखादा खडा निमित्त होतो. रात्री दात खाण्याची सवय तर वर्षानुवर्षे तोच मारा करत असते. गरम चहावर गार पाणी प्यायल्याने दात तडकला, असे पुष्कळजण सांगतात. पण चावण्याच्या जोरापुढे ते कारण दुय्यमच.

नस शाबूत असेल तर उंचवटे झाकणारी कॅप वेळेत बसवून बरेच दात टिकतात. तोवर दाताभोवती धातूचा पट्टा बसवून कळ कमी होते का पाहता येते. नस सुजून कळ थांबेनाशी झाली असेल तर आधी रूट कॅनाल. दाताचे दोन तुकडे हलू लागले असतील तर तो बहुधा काढावाच लागतो. पुढच्या दातांवरच्या बारीक उभ्या रेषा मात्र वेगळ्या. त्या नुसत्या वरच्या आवरणात असतात, दुखत नाहीत आणि त्यांना सहसा उपचारही लागत नाहीत.

दवाखान्यात जाताना कळ चावताना येते की सोडताना, थंडाने किती वेळ टिकते आणि त्या बाजूला चांदी कधी भरली, एवढे आठवून जावे.

— एक दंतवैद्य, पुणे