तक्रार: बोल्ट-ऑन सांगून कापलेली फ्रेम, घासून काढलेला चेसिस नंबर आणि भंगारात गेलेले पार्ट

प्रति,
व्यवस्थापक, कस्टम बिल्ड विभाग,
पुणे

विषय: माझ्या राजदूत ३५० गाडीच्या कॅफे रेसर (वाकून पळवायची, एकट्याच्या सीटची गाडी) कामाबाबत

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवा विभागातल्या मुलाने मला जी उत्तरं दिली, ती ऐकल्यानंतर मी तुम्हाला पुन्हा फोन करणार नाही. आता जे काही असेल ते लेखी. हे पत्र ईमेलनेही पाठवतो आहे आणि स्पीड पोस्टानेही, म्हणजे 'मिळालं नाही' असं कुणाला म्हणता येणार नाही.

जॉबकार्ड तुमच्याकडे आहे, ते समोर घेऊन बसा. त्यावर खालच्या बाजूला माझ्या हाताने लिहिलेल्या तीन ओळी आहेत. फ्रेम कापायची नाही. ऑटोल्यूब (इंजिनाला आपोआप तेल पुरवणारा पंप) आहे तसा ठेवायचा. काढलेला प्रत्येक पार्ट मला परत पाहिजे. त्याखाली तुमच्या सुपरवायझरची सही आहे. या तिन्ही ओळींपैकी एकही पाळली गेलेली नाही.

गाडी देण्याआधी मी तुमच्या शोरूममध्ये बसून सगळं विचारून घेतलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत आहे. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, हे मीच तुमच्या माणसाला सांगितलं. त्यावर खाली बसणारं दोन तुकड्यांचं हँडल (क्लिप-ऑन) आणि मागे सरकवलेली पायदानं (रिअर-सेट) दाखवत तो म्हणाला, "आपलं किट पूर्ण बोल्ट-ऑन आहे. क्लिप-ऑन, रिअर-सेट, सिंगल सीट, सगळं मूळच्या माउंटिंगवर बसतं. ग्राइंडर फ्रेमला लागतच नाही. पासिंगच्या वेळी जुने पार्ट चढवा, गाडी परत कंपनी कंडिशनला." या एका वाक्यावर मी गाडी दिली आणि २,८५,००० रुपये मोजले. तुमच्या माहितीपत्रकातही 'बोल्ट-ऑन' हा शब्द मोठ्या अक्षरात छापलेला आहे.

गाडी हातात आली तेव्हा सीटमागचा लूप, म्हणजे फ्रेमची मागची वळवलेली नळी, कापलेला होता. कापून त्याला वर वळवलेला पाइप वेल्ड केलेला, आणि वेल्डिंगही असं की एका बाजूला नळी खाल्ली गेली आहे. मी टूलरूममध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस आहे, वेल्ड मला दाखवावा लागत नाही. तरीही तेवढ्यावर मी एवढं मोठं पत्र लिहिलं नसतं. मूळ गोष्ट मानेची, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या, हँडल बसतं त्या नळीची आहे.

चेसिस नंबर मानेवर असतो, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. फ्रेम 'स्मूथ' दिसावी म्हणून तुमच्या कारागिराने मान ग्राइंडरने घासली, वर पुट्टी भरली आणि त्यावर जाड पावडर कोटिंग चढवलं. उजेडात तिरकं बघितलं तर शेवटच्या दोन आकड्यांची नुसती सावली दिसते. बाकी सपाट. गाडी गेली तेव्हाचा मानेचा फोटो माझ्याकडे आहे, त्यात अक्षर न् अक्षर वाचता येतं. आलेल्या गाडीचाही फोटो आहे. दोन्ही सोबत जोडले आहेत.

जुन्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं. इन्स्पेक्टर कागद मानेवर ठेवून पेन्सिलने छाप घेतो आणि आरसीशी ताडून बघतो. माझ्या गाडीच्या मानेवर आता पेन्सिल फिरवली तर कोरा कागद निघेल. नंबर नसलेली फ्रेम म्हणजे कायद्याच्या नजरेत चोरीच्या मालाचा संशय. १९८६ पासून एकाच घरात असलेली, थोरल्या भावाकडून रीतसर माझ्या नावावर आलेली, एकदाही दंड न भरलेली गाडी तुम्ही संशयास्पद करून ठेवली आहे.

आता कालच्या फोनबद्दल. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीला ऐकवता, तेव्हा रेकॉर्डिंग काढून स्वतः ऐका.

पहिला प्रश्न होता, "काका, गाडी आरएक्स शंभर ना?" मी म्हटलं, राजदूत ३५०, आरडी. तो म्हणाला, "हां, तेच ते." तेच ते कसं? आरएक्स शंभर एका सिलिंडरची आहे. ही ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची, सहा गिअरची गाडी. जपानमध्ये १९७३ साली निघालेल्या आरडी ३५० ची ही भारतातली आवृत्ती. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८३ पासून ती इथे बनवली आणि दशक संपता संपता बंद केली. त्यानंतर अशी गाडी देशात कुणी बनवलेली नाही. जी कंपनी या गाडीचे फोटो लावून गिऱ्हाईक गोळा करते, तिच्या माणसाला एवढं माहीत नसावं?

मी नंबरचं सांगितलं. तो म्हणाला, "काका, नंबर दिसत नाही म्हणजे तुम्हाला नेमका प्रॉब्लेम काय होतोय? गाडी तर तुमच्याकडेच आहे ना?" मी शांतपणे पासिंगचं समजावलं, पेन्सिल छापेचं समजावलं. त्यावर तो म्हणाला, "मग एजंटला सांगा ना, तो मॅनेज करतो." मी म्हटलं, मी एजंट लावत नाही, आणि हे काम मॅनेज करायचं नसतं. मग त्याने मला होल्डवर ठेवलं. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकवली, त्यात तुमचं तेच घोषवाक्य, 'वारसा जपणारे हात'. परत आल्यावर तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो: "वरती विचारलं काका. आम्ही नंबर परत पंच मारून देतो. आरसीवर आहेच की नंबर. फक्त त्याचे चार्जेस वेगळे लागतील."

हे वाक्य नीट वाचा. तुमची कंपनी एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगते आहे की आरटीओच्या परवानगीशिवाय आम्ही चेसिस नंबर ठोकून देतो, आणि पैसे घेऊन देतो. हा गुन्हा आहे. 'वरती विचारलं' म्हणजे कुणाला विचारलं, त्याचं नाव मला लेखी हवं आहे. आधी तुम्ही नंबर घासला, मग तोच नंबर चोरवाटेने ठोकून द्यायची तयारी दाखवली, वर त्याचं बिल लावायला निघालात. संतापाने माझा हात थरथरत होता. तरी मी आवाज चढवला नाही, हे रेकॉर्डिंगमध्ये कळेलच.

शेवटी मी इंजिनाचं काढलं, तेव्हा त्याचं उत्तर: "काका, कॅफे रेसर लांब पळवायची नसते. रविवारी सकाळी कॉफी प्यायला जायची असते." ज्या मुलांनी हा प्रकार जन्माला घातला ती १९५०-६० च्या दशकातली इंग्लंडमधली कामगार पोरं होती. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेपासून निघून ताशी शंभर मैल गाठायचे, एवढा एकच ध्यास. हँडल खाली घेतलं ते वारा कापायला, पायदान मागे नेलं ते अंग टाकीवर झोपवायला आणि वळणावर घासू नये म्हणून. नॉर्टनच्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन बनवायचे, कारण एकीची फ्रेम चांगली आणि दुसरीचं इंजिन. पुढे होंडा सीबीसारख्या जपानी गाड्या याच कामासाठी घेतल्या गेल्या, त्याही चालतात आणि टिकतात म्हणून. या गाडीतला प्रत्येक बदल पळण्यासाठी केलेला असतो. कॉफी प्यायला मी चालत जातो.

इंजिनाचं काय झालं ते आता ऐका. पुण्याहून गाडी घेऊन मी कोल्हापूरला निघालो. शिरवळपर्यंत बरी चालली. खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये आवाज पातळ झाला, आणि काही कळायच्या आत मागचं चाक जागच्या जागी धरलं. टू-स्ट्रोक चालवणाऱ्याची दोन बोटं कायम क्लचवर असतात, म्हणून मी आज हे पत्र लिहू शकतो. मागे ऊसतोडीचं सामान भरलेला ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या मिस्त्रीने इंजिन उघडलं. दोन्ही प्लग पांढरेफटक, उजव्याच्या टोकाला अॅल्युमिनियमचे बारीक दाणे चिकटलेले. उजवा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओढला गेलेला, रिंगा खाचेत बसून गेलेल्या, लायनरवर बोटाला लागतील असे ओरखडे. एअर बॉक्स (हवेच्या गाळणीचा डबा) काढून तुम्ही पॉड फिल्टर (उघड्या गाळण्या) लावले, पण कार्ब्युरेटर उघडले तर मेन जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) जुनेच. हवा वाढवली, पेट्रोल वाढवलं नाही. हे तर शिकाऊ पोरालाही कळतं.

त्याहून वाईट ऑटोल्यूबचं. क्लिप-ऑन लावले म्हणून थ्रॉटल केबल आखूड केली, ते समजू शकतं. पण त्याच केबलच्या जोडातून एक फाटा ऑइल पंपाला जातो. तो फाटा तुम्ही जुळवलाच नाही. पुलीवरची खूण पिनेच्या जवळपासही नव्हती. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी पंप जेमतेम हलत होता. म्हणजे चढावर, जिथे इंजिनला सगळ्यात जास्त तेल लागतं, तिथे ते आयडलच्या तेलावर चाललं होतं. ऑइल टाकी मात्र काठोकाठ भरून दिली होती, वर तुमचा स्टिकर. ती भरलेली बघूनच मी निश्चिंत निघालो.

हे बॅरल स्टँडर्ड बोअरचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचे, आतून कापून मोठे न केलेले होते. इतक्या वर्षांत एकदाही बोअर न झालेलं राजदूतचं इंजिन किती ठिकाणी उरलंय, हे तुमच्या मुख्य मेकॅनिकला विचारा. आता ते पहिल्या ओव्हरसाइजला जाणार. ते परत फिरवता येत नाही. लूप परत फिरवता येत नाही. नंबर परत फिरवता येत नाही. तुम्ही विकलं होतं ते परत फिरवता येणारं काम.

किरकोळ गोष्टी एका दमात सांगतो. हँडल पूर्ण वळवलं की डावा क्लिप-ऑन टाकीला लागतो आणि रंग उडाला आहे. पुढच्या ड्रम ब्रेकची केबल हेडलाइटखाली इतकी मुरडली आहे की ब्रेक पूर्ण सुटत नाही. मागचा मडगार्ड नाही, आरसे नाहीत.

आणि पार्ट. माझे काढलेले पार्ट कुठे आहेत? दोन मूळ सायलेन्सर, एअर बॉक्स, हँडल, लांब सीट, दोन्ही मडगार्ड, साइड पॅनेल. हा प्रश्न मी गाडी घेताना विचारला, नंतर विचारला, काल पुन्हा विचारला. काल उत्तर मिळालं, "ते स्क्रॅपमध्ये गेलं असेल." असेल? जॉबकार्डवर तिसरी ओळ वाचा. राजदूतचे मूळ सायलेन्सर कुणी भंगाराच्या भावाने टाकत नाही, त्यांची किंमत तुमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ते भंगारात गेले यावर माझा विश्वास नाही. कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीवर ते बसलेले असतील तर उतरवून आणा.

मला याचं जास्त दुःख आहे की मी तुमच्याकडे स्वस्त म्हणून आलो नव्हतो. तुमच्या सुरुवातीच्या गाड्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांचे बोल्टसुद्धा एका दिशेला मार्क केलेले असायचे, वायरिंग कापडी टेपने गुंडाळलेलं असायचं. त्या कामावर भरवसा ठेवून दादाची गाडी मी परक्या हातात दिली. नाहीतर आमच्या कोल्हापुरात हे काम करणारे हात कमी नाहीत.

माझ्या मागण्या अशा. चेसिस नंबरचं नुकसान तुमच्या कारखान्यात, तुमच्या कामात झालं, हे कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. तो कागद घेऊन मी आरटीओकडे रीतसर अर्ज करणार आहे आणि त्यासाठी येणारा सगळा खर्च तुमचा. इंजिन बोअर करणं, पिस्टन, रिंगा, क्रँकची तपासणी, हे काम उद्यमनगरातच होईल, बिल तुम्ही भरायचं. कापलेला लूप मूळ मापात जोडायचा खर्चही तुमचा. जॉबकार्डवरचे सगळे पार्ट परत, किंवा त्याच जातीचे मूळ पार्ट आणून द्या. नकली चालणार नाहीत. आणि मजुरीपोटी घेतलेली रक्कम परत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो तिथेच दाद मागता येते, तेव्हा पुण्याच्या फेऱ्या मला नाहीत, कोल्हापूरच्या तुम्हाला आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. चेसिस नंबरचं प्रकरण मात्र ग्राहक आयोगापुरतं राहणार नाही. पंच मारून देण्याचं तुमचं बोलणं मी पोलिसांना आणि आरटीओला, दोघांनाही लेखी कळवणार आहे. तुमच्या उत्तरासाठी थांबलो आहे तो फक्त सुपरवायझरच्या सहीचा मान ठेवून.

उत्तर 'काका' म्हणणाऱ्या मुलाकडून नको. त्याचा राग नाही, त्याला जे शिकवलं ते तो बोलला. उत्तर तुमच्या सहीने हवं. गाडी बघायला माणूस पाठवायचा असेल तर आधी लेखी कळवा. त्याने यावं, मोजमाप घ्यावं, फोटो काढावेत. गाडीला हत्यार लावायला मी देणार नाही.

राजदूत ३५० चा मालक,
कोल्हापूर

सोबत: जॉबकार्डची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, मानेचे आधीचे व नंतरचे फोटो, पिस्टन, प्लग आणि लायनरचे फोटो.