मातीत जस्त नाही तर मेथीत कुठून येणार?

मा. संपादक,

हल्लीच्या भाजीला कस राहिला नाही असं जो तो म्हणतो आणि लगेच रासायनिक खतांच्या नावानं बोटं मोडतो. मी स्वतः भाजीपाला करतो. खरं दुखणं हे की आपण ठरावीक दोन-तीनच खतं ओततो आणि जस्त-लोहासारख्या बाकीच्यांकडे बघतसुद्धा नाही.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते, त्यामुळे मेथी-पालकावर हात सैल सुटतो, पानं रुंद आणि काळीभोर होतात, जुडी बाजारात उठून दिसते. पण युरियातल्या जादा नत्रानं (नायट्रोजननं) पानात नायट्रेट साठतं आणि क जीवनसत्त्व घटतं, ते ना गिऱ्हाइकाला दिसतं ना आडत्याला, भाव सगळा रंगावर.

२०१५ पासून सरकारची मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे शेतातल्या माती तपासणीचा कागद, मिळते, त्यात १२ गोष्टी तपासलेल्या असतात. आमच्याकडे लोक नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) बघतात आणि कागद घडी करून ठेवून देतात, खाली जस्ताच्या ओळीत 'कमी' लिहिलेलं असतं ते कोण वाचतो? आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त आणि लोह असलं तरी मुळांना लागत नाही, वर डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा केला की त्यातल्या स्फुरदामुळे जस्त आणखीच अडतं. झिंक सल्फेट एकरी ८-१० किलो, शेणखतात मुरवून दिलं (डीएपीत मिसळून नाही!) तर पीकही सुधारतं आणि पानातलं जस्तही वाढतं. लोहाचं मात्र एवढं सोपं नाही, फेरस सल्फेट अशा मातीत टाकलं की लगेच बांधलं जातं, तिथं फवारणीच करावी लागते. आणि बियाणाच्या वाणानंही फरक पडतो, सगळं खापर मातीवर फोडू नये.

फिनलंडनं हे देशपातळीवर करून दाखवलंय. तिथल्या मातीतून पिकांना सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज) फारच कमी मिळायचं, म्हणून १९८४ पासून सरकारनं ते खतातच मिसळायला लावलं, धान्यात, भाज्यांत, दुधात वाढलं आणि लोकांच्या रक्तातही वाढलं. मग आपल्याकडे जस्ताबाबत एवढी उदासीनता का?

माझी मागणी साधी आहे, खरीप-रब्बीच्या आधी कृषी सहाय्यकांनी गावात बसून पत्रिकेतल्या जस्त, लोह, बोरॉनच्या ओळी शेतकऱ्याला समजावून सांगाव्यात, आणि बाजार समित्यांनी अधूनमधून भाजीचे नमुने लॅबला पाठवून त्यात काय सापडलं ते फलकावर लावावं.

– एक भाजीपाला उत्पादक, ता. जुन्नर