जिवाणू टाकायचे कुठे, तेही सांगा

महोदय,

जिवाणूंनी घरमाश्या मारण्याविषयीचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला, आधी आशेने आणि मग चिडून. लेखकमहाशयांनी रासायनिक फवाऱ्यांना झोडपलं, निसर्गाचे गोडवे गायले. पण हे औषध टाकायचं कुठे, याबद्दल अवाक्षर नाही.

या एका गोष्टीपायी माझा अख्खा उन्हाळा वाया गेलाय. गोठ्यात माश्यांमुळे धार काढणं मुश्किल झालं म्हणून बीटीची, म्हणजे किडी मारणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूची, पावडर आणली. "बिनविषारी आहे, बिनधास्त मारा," एवढंच विकणाऱ्याने सांगितलं. मी ती भिंतींवर मारली, खिडक्यांच्या जाळ्यांवर मारली, दाव्यांनाही सोडलं नाही. माश्या त्याच ओल्या भिंतीवर बसून निवांत पाय चोळत होत्या.

तीन आठवड्यांनी भिंग घेऊन डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, तर 'इस्रायलेन्सिस'! म्हणजे १९७६ साली इस्रायलमधल्या डबक्यात सापडलेला बीटीचा प्रकार. डासांच्या अळ्यांवर तो जालीम, पण घरमाशीला त्याचं सोयरसुतक नाही. बरं, योग्य जिवाणू असता तरी भिंतीवर काय उपयोग? त्याचं विष अळीच्या पोटात जाऊन आतड्याला भोकं पाडतं, आणि अळी असते शेणाच्या ढिगात. ढिगावरची सुकी खपली फावड्याने उचलून पाहिली, तर खाली वाफाळत्या शेणात पांढऱ्या अळ्या नुसत्या वळवळत होत्या. माशी एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी फौज तयार होते. त्यातले खाण्याचे दिवस जेमतेम चार-पाच. कोषात गेलेली अळी काहीच खात नाही, मग तुमचे जिवाणू तिथे बसून माश्या मारणार की काय?

'कोणताही धोका नाही' हेही लेखात ठोकून दिलंय. बीटीच्या काही जुन्या वाणांनी घरमाश्या खरोखर मरत. पण त्यांच्यातलं बीटा-एक्झोटॉक्सिन हे विष सस्तन प्राण्यांनाही अपायकारक, म्हणून आता ते नसलेलेच वाण वापरायचे असतात. घरमाशीच्या अळ्यांवर ज्याचे शेणात प्रयोग झाले, त्या ब्रेव्हिबॅसिलस लॅटरोस्पोरस या दुसऱ्या जिवाणूचं तर लेखात नावही नाही. लेखकांनी गोठा शेवटचा कधी पाहिला होता, असं विचारणं उद्धटपणाचं होईल, म्हणून विचारत नाही.

मी सध्या दर चार दिवसांनी ढीग उपसून शेण उन्हात पातळ पसरतो. कंबर मोडते, पण माश्या निम्म्यावर आल्या आहेत.

आणि हो, लेखासोबतचं छायाचित्र. ती हिरवी चकाकणारी माशी घरमाशी नव्हे. घरमाशी करडी असते, पाठीवर चार काळे पट्टे असतात. एखादी तुमच्या कार्यालयातही सापडेल, छायाचित्रकाराला फार लांब जावं लागणार नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार