कागद कधी काढायचा, हे आधी ठरव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, तू पाठवलेली कागदपत्रांची यादी पाहिली. कागद जवळपास सगळे आहेत, पण तू ती पोर्टलवर दिसतात त्या क्रमाने लावली आहेस. तशी लावून उपयोग नाही. प्रत्येक कागदापुढे दोन गोष्टी लिही: तो हातात यायला किती दिवस लागतात आणि आल्यावर किती दिवस चालतो. उशिरा येणारे आणि जास्त टिकणारे कागद आत्ता मागव. चटकन मिळणारे आणि चटकन जुने होणारे अगदी शेवटी. आयटीए, म्हणजे अर्ज करायचं त्यांचं निमंत्रण, आली की अर्जाला फक्त ६० दिवस मिळतात आणि ते वाढवून मिळत नाहीत. त्या ६० दिवसांत विद्यापीठाच्या खिडकीवर उभं राहायची वेळ आली, तर समज नियोजन चुकलं.

तेव्हा पहिलं काम ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाने प्रमाणित केलेल्या गुणांच्या उताऱ्याचं. वेस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून होणारं पदवीचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, पाच वर्षं चालतं, त्यामुळे ते लवकर काढल्याने काही बिघडत नाही. उशीर वेसकडे कमी आणि विद्यापीठात जास्त होतो. अर्जासोबत आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिकांच्या प्रती दे. एखाद्या विषयाला एटीकेटी लागली असेल तर नापास झाल्याची आणि नंतर सुटल्याची, दोन्ही दे. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच वेसकडे गेलं पाहिजे. सीलबंद पाकीट तुझ्या हातात दिलं तर उत्सुकतेपोटी ते फोडू नकोस, फोडलेल्या पाकिटाची किंमत शून्य. वेसचा संदर्भ क्रमांक आधी काढ, तो पाकिटावर किंवा फॉर्मवर लागतो.

इथेच नावाचा घोळ निस्तरून टाक. तुझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग माझं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर तुझं नि माझं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात. पहिल्या कंपनीच्या पत्रावर नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. आपल्याला यात काही खटकत नाही, पण तिकडे फाईल उघडणाऱ्याला ही तीन माणसं वाटू शकतात. सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणेच भर आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र करून ठेव. जन्मदाखला मराठीत आहे, त्याचं प्रमाणित भाषांतर हवं. ते घरच्या कोणी केलेलं चालत नाही, त्यामुळे मामाला गळ घालू नकोस. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ दाखल्याची प्रत, दोन्ही सोबत लावायची.

इंग्रजीची परीक्षा दोन वर्षं चालते, आणि ती प्रोफाइल टाकायच्या दिवशी चालू असून भागत नाही, शेवटचा अर्ज सादर करायच्या दिवशीही चालू असायला हवी. आयईएल्टीएस देणार असशील तर जनरल ट्रेनिंगच घे, अ‍ॅकॅडमिक चालत नाही. आणि अर्ध्या बँडला हलकं समजू नकोस. लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिन्हीत ७ असले की सीएलबी, म्हणजे कॅनडाच्या मोजपट्टीवरची भाषेची पातळी, ९ होतो. समज, सगळं जमलं आणि फक्त रायटिंगला ७ ऐवजी ६.५ आले. सीआरएसमध्ये, म्हणजे उमेदवारांचा क्रम लावणाऱ्या गुणपद्धतीत, त्या एका भागाचे ३१ गुणांऐवजी २३ मिळतात, म्हणजे ८ गेले. पण चारही भागांत सीएलबी ९ नसल्यामुळे पदवी आणि इंग्रजी मिळून जे २५ मिळाले असते त्यांचे १३ होतात, आणि परदेशातल्या तीन वर्षांच्या अनुभवाचे ५० असते ते २५ होतात. एकूण ४५ गुण, अर्ध्या बँडपायी. (भारतातला अनुभव त्यांच्या लेखी परदेशातला, हे लक्षात असू दे.) यापुढे तिसाव्या वाढदिवसाला वयाचे ११० चे १०५ होणार आणि एकतिसाव्याला ९९. म्हणून परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर ती वाढदिवसाच्या आधी दे. १०० पैकी ६७ ची जी पात्रतेची चाळणी आहे तिची चिंता सोड, ती तू पार करतेस. खरी स्पर्धा १२०० च्या सीआरएसमध्ये आहे.

आता अनुभवाचं पत्र. माझ्या मते फायली सगळ्यात जास्त इथे अडतात, कारण हा एकच कागद असा आहे जो दुसऱ्या कोणाच्या मर्जीवर अवलंबून असतो. आपल्याकडच्या कंपन्या जे अनुभवपत्र देतात त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद आणि शुभेच्छा एवढंच असतं. कॅनडाला हवं ते असं: लेटरहेडवर, कंपनीचा पत्ता, फोन आणि ईमेल, तुझं नाव, तू सांभाळलेली सगळी पदं आणि प्रत्येकाच्या तारखा, प्रत्येक पदावरचं काम, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, शेवटी वरिष्ठाची किंवा एचआरची सही, नाव आणि हुद्दा. यातले आठवड्याचे तास हमखास राहून जातात. त्याशिवाय पूर्णवेळ काम सिद्ध कसं होणार? त्यांच्या हिशेबात पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला किमान ३० तास.

कामाचं वर्णन तुझ्या एनओसी कोडशी, म्हणजे कॅनडाच्या व्यवसायांच्या यादीतल्या क्रमांकाशी, जुळलं पाहिजे. इथे पदाच्या नावाला फारशी किंमत नाही. तुझं पद कागदावर असोसिएट कन्सल्टंट आहे, पण तू दिवसभर कोड लिहितेस, बदलतेस, तपासतेस, तेव्हा तुझा कोड २१२३२. तू २१२३१ धरला आहेस, तो सॉफ्टवेअर इंजिनिअरचा, त्यात रचना आणि संशोधनाचा भाग जास्त. दोन्हींचा दुसरा अंक १ आहे, म्हणजे कामाची श्रेणी टीअर १, त्यामुळे पात्रतेत फरक पडत नाही. पण पत्रात एक काम आणि अर्जात दुसरा कोड असं झालं तर अधिकारी तो अनुभवच धरणार नाही. दोन्ही कोडांची वर्णनं शेजारी ठेवून वाच आणि आपलं रोजचं काम कुठे बसतं ते ठरव. कोडाच्या सुरुवातीचं सर्वसाधारण वर्णन तुझ्या कामाला लागू पडलं पाहिजे आणि मुख्य कामांपैकी बरीचशी तू केलेली असली पाहिजेत. मात्र त्यांच्या संकेतस्थळावरची वाक्यं जशीच्या तशी उचलून पत्रात घालू नकोस. ती नक्कल अधिकाऱ्याला पहिल्या ओळीत कळते. ‘बिलिंग विभागासाठी जावामध्ये मॉड्यूल लिहिणं, जुन्या कोडमधले दोष दुरुस्त करणं, युनिट टेस्ट चालवणं’ असं तुझ्याच शब्दांत मसुदा कर आणि मॅनेजरकडे सहीला दे. मसुदा आपण केला तर काम लवकर होतं, एचआरला तो शून्यातून लिहायला सांगितला तर महिने जातात.

पहिली कंपनी कामाचं वर्णन द्यायला नाही म्हणाली तर वाद घालू नकोस. त्यांचं जे ठरावीक पत्र आहे ते घे. तुझ्या तेव्हाच्या टीम लीडकडून कामाचं वर्णन असलेलं नोटरी केलेलं पत्र घे. नेमणूकपत्र, रिलीव्हिंग लेटर, काही पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक जोड, आणि एका पानाच्या स्पष्टीकरणपत्रात कंपनी असं पत्र देत नाही हे सांग. कंपनीने ईमेलवर तसं कळवलं असेल तर तो ईमेलही लाव. पत्रातला पगार आणि फॉर्म १६ मधला आकडा वेगळा निघतो तो बहुतेक वेळा सीटीसी आणि कर कापण्याआधीच्या प्रत्यक्ष पगारातल्या फरकामुळे, तोही त्याच पानावर एका ओळीत उलगडून टाक.

पोलिस दाखल्यांचं गणित जरा मजेशीर आहे. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलीस, त्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. अमेरिकेत ऑनसाइट आठ महिने होतीस, म्हणजे एफबीआयचा आलाच. तिथून परतल्यानंतर काढलेला असला की झालं, तो जुना होत नाही. त्यासाठी बोटांचे ठसे पाठवावे लागतात आणि वेळ जातो, म्हणून तो आत्ताच मागव. भारताचा पोलिस दाखला, म्हणजे पीसीसी, उलटा. तू आत्ता इथे राहतेस म्हणून तो अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. शिवाय तुझ्या पासपोर्टवर घरचा पत्ता आहे आणि राहतेस भाड्याच्या घरात. पोलिस पडताळणी अशाच वेळी लांबते. भाडेकरार नोंदणीकृत करून हाताशी ठेव.

पैशांचं आत्ताच करू. एका माणसासाठी खात्यात दाखवायची रक्कम जुलै २०२५ मध्ये १५,२६३ कॅनेडियन डॉलर झाली. ती दरवर्षी बदलते आणि रुपया खाली गेला तर आपला हिशेब चुकतो, म्हणून दहा-पंधरा टक्के जास्त ठेवायचे. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि कार्डाची किंवा कर्जाची थकबाकी हे सगळं लागतं. ती सरासरीच खरी अडचण. आयटीए आल्यावर मी पैसे टाकले तर शिल्लक दिसेल, पण सरासरी दिसणार नाही. म्हणून मी ते याच महिन्यात तुझ्या खात्यात टाकतो आणि भेट म्हणून दिले, परत घ्यायचे नाहीत, असं गिफ्ट डीड करून देतो. उसने पैसे चालत नाहीत, घर-जमीनही चालत नाही. एफडी कर, पण तुझ्या एकटीच्या नावावर आणि केव्हाही मोडता येईल अशी. पीआर हातात पडेपर्यंत त्या पैशांना हात लावू नकोस, स्कूटर बदलायची असली तरी.

आयटीएनंतरसाठी मग एवढंच उरतं: पीसीसी, बँकेचं ताजं पत्र, फोटो आणि वैद्यकीय तपासणी. २१ ऑगस्ट २०२५ पासून तपासणी अर्जाच्या आधीच करावी लागते, त्यांच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच. अहवाल डॉक्टर परस्पर पाठवतो, तुला मिळतो तो कागद अपलोड करायचा. ती १२ महिने चालते आणि शेवटच्या सीओपीआरची, म्हणजे पीआर मंजूर झाल्याच्या कागदाची, मुदत बहुधा तपासणी आणि पासपोर्ट यांपैकी जे आधी संपेल त्याला बांधलेली असते. म्हणून उत्साहाच्या भरात ती फार आधी उरकू नकोस. तुझा पासपोर्ट दीड वर्षात संपतो, तो आत्ता नवा कर. मध्येच नंबर बदलला तर पुढे सगळीकडे कळवत बसावं लागतं.

फॉर्ममध्ये वैयक्तिक इतिहासाचा भाग सगळ्यात किचकट. दहा वर्षांत एक महिनासुद्धा रिकामा सोडायचा नाही. निकाल आणि नोकरी यांच्यामधले महिने ‘बेरोजगार’ म्हणून लिही, त्यात कमीपणा नाही. पत्त्यांचंही तसंच, हॉस्टेलसकट. कागद कमी पडला तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो. शुल्क मिळतं, पण आयटीए गेली ती गेली. खोटं सापडलं तर मात्र पाच वर्षांची बंदी. अपलोड करताना प्रत्येक फाईल ४ एमबीच्या आत लागते. पासपोर्टची पानं रंगीत आणि स्पष्ट ठेव, पगारपत्रकं करड्या रंगात १५० डीपीआयला स्कॅन कर, म्हणजे बसतात. एजंटकडे जायचंच झालं तर परवानाधारकाकडे जा, त्याचं नाव अर्जात येऊ दे आणि खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेव. ‘आमचं नाव कुठे लिहू नका’ म्हणणारा दिसला की तिथून उठायचं.

मग वाट पाहणं. त्यांचं स्वतःचं उद्दिष्ट सहा महिन्यांचं आहे, पण ते बंधन नाही. अर्ज पोहोचल्याची पावती लगेच येते, त्यानंतर बायोमेट्रिकचं पत्र. त्याचे ८५ डॉलर आणि ३० दिवसांची मुदत. मग बराच काळ शांतता. पोर्टलवर तारीख बदलते पण संदेश काहीच नसतो, त्याला सगळे घोस्ट अपडेट म्हणतात आणि त्यावरून रात्र-रात्र अर्थ लावत बसतात. तू त्यात पडू नकोस. तुझ्यानंतर अर्ज केलेल्याचं आधी झालं तर तेही होतं, प्रत्येकाची सुरक्षा पडताळणी वेगळी. आठवड्यातून एकदा लॉगिन करायचं आणि ईमेलचं स्पॅम फोल्डर पाहायचं. जादा कागद मागणारं पत्र आलं तर उत्तराची मुदत त्यातच असते आणि ती आपण चुकवायची नसते.

या काळात नोकरी, पत्ता, पासपोर्ट, काहीही बदललं तर वेबफॉर्मने कळव. लग्नाचा विषय मी काढत नाही, आई काढते. पण ठरलंच, तर कॅनडात पाय ठेवण्याआधी कळवायलाच हवं. न कळवता गेलीस तर नंतर नवऱ्याला बोलावताना तोच मुद्दा आडवा येतो.

पासपोर्टची मागणी येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही आणि घराची नोटीसही नाही. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सोमवारी टाक आणि पावती मला पाठव. अनुभवपत्राचा मसुदा झाला की तोही पाठव, तास आणि तारखा मी एकदा डोळ्यांखालून घालतो.

तुझे,
बाबा