साडेतीन ताऱ्यांचे शहाणपण

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत मराठी चित्रपटांचे जे परीक्षण येते, त्याच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या ताऱ्यांविषयी हे पत्र आहे. चित्रपट कौटुंबिक असो, ऐतिहासिक असो वा भुताखेतांचा असो, तारे साडेतीनच. क्वचित एखाद्याला तीन मिळतात, तेव्हा त्या दिग्दर्शकाने समीक्षकाचे उसने पैसे बुडवले असावेत अशी शंका येते. दोन तारे मिळालेला मराठी चित्रपट मी अद्याप पाहिलेला नाही, म्हणजे पुरवणीत पाहिलेला नाही. पडद्यावर पुष्कळ पाहिले.

साडेतीन या आकड्यावर मराठी माणसाचा जीव आहे, हे मान्य. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीनच. त्यांपैकी सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे. नाना फडणवीस मात्र अर्धे, कारण बुद्धी कितीही तल्लख असली तरी तलवारीशी त्यांचे जमत नसे, असे सांगतात. आपल्या समीक्षकांचा तो अर्धा ताराही मला त्याच घराण्यातला वाटतो. तीन देऊन निर्मात्याला दुखवायचे नाही आणि चार देऊन वाचकांच्या शिव्या खायच्या नाहीत, अशा वेळी लढाई टाळायला तो फार उपयोगी पडतो.

ताऱ्यांच्या वरचा मजकूरही आता पाठ झाला आहे. विषयाची निवड स्तुत्य असते, पूर्वार्ध किंचित रेंगाळतो, उत्तरार्ध पकड घेतो, संगीत कथेला पूरक असते आणि सर्व कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिलेला असतो. आपल्या देशात न्याय मिळायला पिढ्या जातात. मराठी चित्रपटात तो सव्वादोन तासांत सर्वांना मिळतो, अगदी नायकाच्या मित्रालासुद्धा.

गेल्या महिन्यात हेच साडेतीन तारे पाहून मी एका समाजसुधारकाच्या जीवनावरचा चित्रपट सौभाग्यवतींसह कोथरूडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. 'कालखंड हुबेहूब उभा केला आहे', असे परीक्षणात वाचले होते. कथा १८८० च्या आसपासची. नायकाची आई पहाटे फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेली आणि अंगावर पदरभर मोर असलेली पैठणी! तीही कोरी, कारण घडीच्या रेषा तिच्या पाठीवर ठळक उमटलेल्या होत्या. मी लक्ष्मी रस्त्यावरील एका साड्यांच्या दुकानात चौतीस वर्षे विक्रीचे काम केले आहे. त्यामुळे संवादांपेक्षा माझे लक्ष कापडाकडे आधी जाते, हा माझा दोष समजावा. पण बेताच्या मिळकतीच्या घरात चुलीपुढे बसणारी बाई इरकली किंवा नारायणपेठी लुगड्यात, तेही धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात दिसायला हवी, हे कळायला दुकानात चौतीस वर्षे काढावी लागत नाहीत. ती उठली तेव्हा नऊवारी नेसलेली नसून शिवलेली आहे, हेही कमरेजवळच्या हुकाने सांगून टाकले. पुढे विधवाविवाहावरच्या भाषणात नायकाच्या मिशीचे डावे टोक सुटले, पुढच्या शॉटमध्ये चिकटले आणि टाळ्यांच्या वेळी पुन्हा सुटले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ 'पहिली सुधारणा मिशीत झाली' असे पुटपुटले. सबंध चित्रपटात मला पटलेला तो एकमेव संवाद.

यावर 'बजेट नसते' हे उत्तर ठरलेले आहे. जुन्या लुगड्याला कोऱ्या पैठणीपेक्षा कमी पैसे पडतात, एवढेच मी त्यावर म्हणेन. ज्या पुण्यात 'प्रभात'ने १९३३ मध्ये कोल्हापूरहून आपला संसार हलवला, त्याच पुण्यात १९३६ चा 'संत तुकाराम' घडला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातल्या जिजाईचे लुगडे तिने खरेच वापरलेले वाटते.

अभिनयाबाबतही तेच. सुबोध भावे यांनी २०११ मध्ये बालगंधर्व, २०१५ मध्ये लोकमान्य टिळक आणि २०१८ मध्ये काशीनाथ घाणेकर पडद्यावर उभे केले. त्यांच्या मेहनतीविषयी माझी तक्रार नाही. परंतु स्त्रीभूमिका करणारा गायकनट, मंडालेच्या तुरुंगात बसून ग्रंथ लिहिणारा राजकारणी आणि रंगमंच दणाणून सोडणारा दंतवैद्य अशा तीन टोकांच्या माणसांपैकी कोणता त्यांना साधला, कोणता निसटला आणि का, हे समीक्षकाने सांगायला नको का? 'हुबेहूब दिसतात' हे तर पोस्टर लावणारा मुलगाही सांगेल.

मराठी चित्रपट आधीच अडचणीत, त्यात आपणच कशाला टोचायचे, असा या सौम्यपणामागचा विचार असावा. त्याला चित्रगृहे मिळत नाहीत हे खरे आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती करायचे ठरवले, त्यावर वाद झाला आणि तडजोडीत प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा ऐसपैस झाला. त्यात पुण्याची एक ते चारची झोपही सुखाने मावली. पण याच सरकारच्या अनुदान योजनेत चित्रपटांची छाननी होऊन वर्षानुवर्षे 'अ' आणि 'ब' असे दर्जे दिले गेले आहेत. 'ब' म्हणताना सरकारची जीभ अडखळत नाही, मग आपल्या पुरवणीचीच का अडखळावी?

आमच्या दुकानात विणीत गाठ किंवा रंगात डाग असलेल्या साड्यांचा गठ्ठा वेगळा ठेवत आणि 'वहिनी, ही डागी आहे, म्हणून कमी' असे गिऱ्हाइकाला आधीच सांगत. ती साडी त्या दिवशी खपेच असे नाही. पण त्याच वहिनी पुढे मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडे येत आणि मी एखाद्या भारी शालूला हात लावून 'ही डोळे झाकून घ्या' म्हणालो, तर खरोखरच डोळे झाकून घेत. आचार्य अत्रे एखाद्याचे कौतुक 'गेल्या दहा हजार वर्षांत' या मापाने करत आणि लोक ते हसत हसत मानतही, कारण तीच लेखणी दुसऱ्या दिवशी कोणाची तरी सालटी काढत असे. त्यांच्याच 'श्यामची आई'ला चित्रपटांसाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत यायला 'श्वास'पर्यंत पन्नास वर्षे लागली. आजच्या पट्टीने 'श्वास'ला किती तारे द्याल? चार दिलेत, तर तो चुलीपुढच्या पैठणीहून अर्ध्या ताऱ्यानेच सरस ठरेल.

माझी मागणी मोठी नाही. समीक्षकाने प्रीमियरला, कलाकारांच्या शेजारी बसून चित्रपट पाहू नये. सोमवारी दुपारच्या खेळाला स्वतःच्या पैशाने तिकीट काढावे, मध्यंतरात पॉपकॉर्नचा भाव विचारावा आणि मग तारे मोजायला बसावे. त्यासाठी परीक्षण शनिवारऐवजी बुधवारी आले तरी आम्हा दोघांची काही हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे

ता. क. : पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावायची झाल्यास सरकारचा परिच्छेद खुशाल गाळावा, पण मिशीचा ठेवावा, अशी सौभाग्यवतींची सूचना आहे.